घाटाचा राजा आणि माझी वही



क्रिकेट कसं बघायचं हे आपल्या वर्गात कुणाला शिकवावं लागत नाही. सायकलची शर्यत बघायला मात्र शिकावं लागतं. मी ते आजोबांकडून शिकलो.

आपल्या पनवेलवरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली अशी गावं घेत तो बोरघाट चढतो. याच रस्त्यावर मुंबई-पुणे सायकल शर्यत गाजली. आजोबा लहानपणी ती बघायला शेडुंगजवळ उभे राहायचे. दोन तास वाट बघायची, आणि सायकलवाले अर्ध्या मिनिटात सूं करून पसार! मी विचारलं, "मग त्यात बघायचं काय?" आजोबा म्हणाले, "अरे, खरी शर्यत पुढं घाटात असते. आपण इथं कोण पुढं, कोण मागं ते ध्यानात ठेवायचं आणि निकाल आला की ताडून बघायचं."

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच. जो बोरघाट सर्वांत आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. पण घाटाचा राजा पुण्यात पहिला येईलच असं नाही. चढणीला हलक्या अंगाचा गडी लागतो, तर सपाटीवर शेवटच्या धावेला मांड्यांत जोर असलेला.

आता वाऱ्याची गोष्ट. सायकलवाले घोळक्याने का जातात? पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे श्रम वाचतात. खोटं वाटत असेल तर माझ्या ताईला विचारा. ती हायस्कूलला सायकलने जाते. समोरून वारा असला की मी तिच्या चाकामागे राहतो. तेव्हा ती दमते, मी दमत नाही. मोठ्या शर्यतीत प्रत्येक संघातले काही गडी हेच काम करतात. आपल्या म्होरक्यासाठी वारा खातात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात. त्यांचं नाव पेपरात क्वचितच येतं.

काही शर्यती एका दिवसात संपत नाहीत. त्यांना टप्प्यांची शर्यत म्हणतात. रोज एक टप्पा असतो आणि रोजच्या वेळेची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. हे उदाहरण पाहा :

अ : ३ तास १० मि. + ४ तास ९ मि. + २ तास ५० मि. = १० तास ९ मि.
ब : ३ तास ११ मि. + ४ तास ० मि. + २ तास ५१ मि. = १० तास २ मि.

अ ने दोन टप्पे जिंकले, ब ने एकच. तरी ब ७ मिनिटांनी जिंकला, कारण मधला टप्पा घाटाचा होता. तासामिनिटांची बेरीज कशाला शिकायची असं मला वाटायचं. आता नाही वाटत.

जगातली सर्वांत नावाजलेली अशी शर्यत फ्रान्समध्ये होते. तिचं नाव टूर द फ्रान्स. ती १९०३ साली सुरू झाली. आता तिचे २१ टप्पे असतात आणि ती तीन आठवडे चालते. बेरजेत जो पुढे असतो तो पिवळी जर्सी घालतो. तिथल्या घाटाच्या राजाला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. १९८९ साली शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लॉरां फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. त्या दिवशी एकेकट्याने सुमारे २५ किलोमीटर जायचं होतं. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ती ५० सेकंदं भरून काढली आणि सगळी शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. तीन हजारांवर किलोमीटर आणि फरक ८ सेकंदांचा! आठपर्यंत मोजून बघा.

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही टप्प्यांची शर्यत झाली. परदेशातलेही संघ आले होते. तेव्हापासून मी एक वही केली आहे. तीत नाव, रोजची वेळ, एकूण वेळ आणि 'घाटात काय झालं' असे चार रकाने आहेत.

पाचवा रकाना आजोबांनी घालायला लावला : 'शेवटचा कोण?' त्याचं कारण त्यांनी सांगितलं. एका वर्षी शर्यत गेली, लोक घरी परतले, आणि बऱ्याच वेळाने एक सायकलवाला एकटाच आला. गुडघा फुटलेला, सदरा फाटलेला. काही पोरं हसली. आजोबांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो पाणी प्याला, "पुणं अजून किती?" एवढंच म्हणाला आणि पुढे निघाला. त्या वर्षी पहिला कोण आला ते आजोबांना आठवत नाही. हा मात्र आठवतो.

तेव्हा पुन्हा कधी शर्यत आपल्या रस्त्याने आली, तर एवढं करा. रस्त्याच्या कडेलाच उभे राहा. मध्ये धावू नका. कुत्री-गुरं बांधून ठेवा. आणि पहिल्यासाठी टाळ्या वाजवून लगेच घरी जाऊ नका. शेवटचा अजून यायचा असतो.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी