ग्राउटची भेग आणि माझी चुकलेली परिकल्पना



पेटची मुलाखत जवळ आली की बरेच जण विचारतात, "गृहीतक आणि परिकल्पना यांत फरक काय?" पुस्तकी उत्तर सोपं आहे. गृहीतक आपण धरून चालतो, परिकल्पना तपासतो. मला मात्र हा फरक पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळला, आणि तोही लॅबमध्ये नाही, घरच्या बाथरूममध्ये.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. मागच्या दिवाळीला घरी गेले तर आईने आधी बाथरूम दाखवलं. फरशी आणि बाहेरची भिंत जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातल्या सांध्यात लांबच लांब भेग. चारच महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी सगळे सांधे नव्याने भरून दिले होते. त्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आलेली, आणि काकू जिन्यात भेटल्या तरी बोलेनाशा झालेल्या. वीस वर्षांचा शेजार. आईला भेगेपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

आता थोडं विज्ञान. टाइल्सच्या मधल्या फटीत भरतात ते ग्राउट. आपल्याकडे कित्येक घरांत अजून नुसतं पांढरं सिमेंटच भरतात. तयार ग्राउटमध्ये सिमेंट, बारीक भुकटी किंवा वाळू, रंग आणि थोडं पॉलिमर असतं. एक लक्षात घ्या, सिमेंट 'वाळून' घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. गरजेपेक्षा जास्त पाणी घातलं तर उरलेलं पाणी बारीक छिद्रांत राहतं आणि ते उडून जाताना छिद्रांच्या भिंती आतल्या बाजूला ओढल्या जातात. ग्राउट आकसतं. पण दोन्हीकडून ते टाइलला चिकटलेलं! आकसायला वाव नाही, म्हणून तडकतं.

मी रसायनशास्त्राची. हे कारण मला इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे निकाल दिला: मिस्त्रींनी पाणी जास्त घातलं. प्रयोगही केला. टाइलच्या तुकड्यांमधल्या दोन फटी भरल्या, एकीत पाकिटावर लिहिलंय तेवढं पाणी, दुसरीत दीडपट. दीडपटवाली काही दिवसांत तडकली. मी खूश! पाणी मोजून कोपरा पुन्हा भरला, तीन दिवस ओलं फडकं ठेवलं आणि पुण्याला परत आले.

जानेवारीत बाबांनी फोटो पाठवला. भेग त्याच जागी.

माझं काय चुकलं? जास्त पाण्याने ग्राउट तडकू शकतं, एवढंच मी सिद्ध केलं होतं. *ही* भेग त्यानेच पडली, हे तपासलंच नव्हतं. तेच पाकीट, तीच बादली, तोच दिवस. दोष पाण्याचा असता तर फरशीच्या मधल्या सांध्यांतही कुठे कुठे केसासारख्या भेगा दिसायला हव्या होत्या. तिथे एकही नव्हती. हा पुरावा दिवाळीपासून माझ्या पायाखाली होता आणि मी तो पाहिलाच नाही, कारण पाण्याचं कारण मी परिकल्पना म्हणून नाही, गृहीतक म्हणून धरलं होतं.

मग कागदावर लिहिलं की प्रत्येक कारण खरं असेल तर काय दिसायला हवं. टाइल सुटली असेल तर भेग एखाद्या टाइलच्या भोवती फिरेल आणि नाण्याने ठोकल्यावर तिथे पोकळ आवाज येईल. बाबांनी सगळ्या टाइल्स ठोकल्या, सगळ्या भरीव. हालचाल असेल तर भेग कोपऱ्यात, सरळ रेषेत, आणि भरली तरी पुन्हा तिथेच. आमची भेग अगदी तशीच होती.

हालचाल कसली? काँक्रीट एका अंशाला दर मीटरमागे साधारण १० मायक्रोमीटर प्रसरण पावतं. दोन मीटरला १५ अंशांचा फरक पडला तर ०.३ मिलिमीटर. विटांची भिंत आणि टाइल त्यापेक्षा कमी प्रसरण पावतात. म्हणजे उन्हात तापणारी बाहेरची भिंत आणि खालचा स्लॅब एकाच मापाने हलत नाहीत, आणि ती ओढाताण कोपऱ्यावर येते. सिमेंट दाब सोसतं, ताण मात्र दाबाच्या जेमतेम एक दशांश. म्हणून जिथे दोन पृष्ठभाग कोनात मिळतात तिथे ग्राउट नको, लवचिक सिलिकॉन सीलंट हवं.

या वेळी मी निकाल देण्याआधी थांबले. अर्ध्या कोपऱ्यात सिलिकॉन, अर्ध्यात मोजून पाणी घातलेलं ग्राउट. ("बाथरूम म्हणजे तुझी लॅब नाही," इति आई.) फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे दिवसरात्रीच्या तापमानात बराच फरक असतो. पाच आठवड्यांत ग्राउटचा भाग भिंतीपासून सुटला. सिलिकॉनचा जसाच्या तसा. एकाच कोपऱ्यातली ही एक चाचणी, पण कारणं वेगळी करायला पुरेशी होती.

तुमच्या घरी करायचं असेल तर जुनं ग्राउट पूर्ण खरवडून काढा, वरून थर देऊ नका. जागा खडखडीत कोरडी हवी, नाहीतर सिलिकॉन धरत नाही. भरल्यावर एक दिवस पाणी लागू देऊ नका. टाइल पोकळ वाजत असेल तर मात्र सांधा भरून उपयोग नाही, टाइलच काढून पुन्हा बसवावी लागते.

राहिली काकूंची ओल. सिमेंटचं ग्राउट मुळात पाणी पूर्ण अडवत नाही; ते काम फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचं. म्हणून पूर्ण कोपऱ्यात सिलिकॉन भरल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवायचं ठरलं. पण ओल वाढली तर ती काकूंच्या छतावर! आई स्वतः खाली विचारायला गेली. काकूंनी मुलाला स्टुलावर चढवून ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून घेतली आणि म्हणाल्या, "साठवा पाणी."

दुसऱ्या दिवशी रेघेबाहेर ओल गेली नव्हती. पुढच्या महिन्यातही नाही. छत रंगवायचा खर्च आम्ही दिला.