भवानी घरची, बाजार गावाचा

दादरच्या फूलबाजारात सोनचाफ्याचा पहिला वाटा गेला की माझी आजी हातातली नोट आधी कपाळाला लावायची, मग तीच नोट धरून क्रुसाची खूण करायची आणि शेजारणीला सांगायची, "झाली बाई भवानी!" अंगावर लाल लुगडं, गळ्यात क्रूस आणि तोंडी देवीचं नाव. आम्हा वसईच्या पोरांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. तिचा चाफा कुठल्या देवाच्या गळ्यात जाणार, हे तिनं कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकानंही तिची जात-धर्म विचारल्याचं आठवत नाही. रविवारी त्याच कमाईतले चार पैसे चर्चच्या थाळीत पडत आणि त्या थाळीतून वेदीवरच्या मेणबत्त्या येत.

पैशाची ही फेरी आठवायचं कारण असं, की हल्ली ख्रिस्ती मंडळींच्या बैठकांत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो: चर्चची आणि घरची खरेदी आपल्या माणसांकडून का करू नये? मुलं शिकली, नोकरीला लागली, परदेशी गेली. मागे राहिलेले बागायतदार, शिंपी, बेकरीवाले, मंडपवाले एकटे पडत चालले आहेत. त्यांना हात द्यायचा तर रोजच्या खरेदीतूनच देता येईल.

चर्चला काय काय लागतं?

बाहेरच्याला वाटतं, चर्चचा खर्च म्हणजे मेणबत्त्या. यादी करायला बसलं की पान पुरत नाही. वेदीवरची फुलं, गायनमंडळाच्या पुस्तिकांची छपाई, सणाचा मंडप, रोषणाई, बँड, जेवणावळ. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे झगे. नाताळच्या गव्हाणीतल्या मूर्ती आणि कंदील. फादरांचे झगे शिवणारा शिंपी. आणि शवपेट्या करणारा सुतार, ज्याची आठवण वेळ आल्याशिवाय कुणाला होत नाही. २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या दिवशी कबरी धुऊन-सजवून त्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. त्यामुळे ज्या वर्षी दिवाळी त्याच सुमारास येते, त्या वर्षी फुलवाल्याला दोन्हीकडच्या मागणीनं श्वास घ्यायला फुरसत नसते.

यातली एक वस्तू मी जवळून पाहिली आहे: मिस्सेत वाटली जाणारी ओस्ती. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काहीही घालायचं नाही, असा चर्चचा नियम. सिस्टरांच्या मठात एका खोलीत दोन तापलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये पातळ पिठाची पळी ओतली जायची. पट्ट्या मिटायच्या, वाफ निघायची आणि कागदासारखा पांढरा पापुद्रा हाती यायचा. तो जरासा दमट करून घ्यायचा, नाहीतर कापताना चुरा होतो. मग गोल चकत्या पाडायच्या. उरलेली कातरण आम्ही पोरं मूठ-मूठ खायचो. आशीर्वाद होण्याआधीची, म्हणून खायला हरकत नव्हती. त्या डब्यांचे जे पैसे येत, त्यांचा मठाच्या खर्चाला आधार होई.

बाप्तिस्म्यानं काम गेलं, म्हणून कारखाने आले

ख्रिस्ती माणसाचा धंदा ही गोष्ट आपल्याकडे हौसेतून आलेली नाही. बासल मिशनचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले. बाप्तिस्मा घेणाऱ्याचं घर तुटायचं, कसायला जमीन मिळायची नाही, जातीचा धंदाही हातचा जायचा. उपदेशानं पोट भरत नाही हे मिशनऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विणकामशाळा काढल्या आणि १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला. ती मंगळुरी कौलं गलबतांतून कोकणात, गोव्यात, मुंबईत पोचली. देवळांवर चढली, शाळांवर चढली, वाड्यांवर चढली. घेणाऱ्यानं कौल गळतं का एवढंच पाहिलं. मिशनच्या छपरापुरतीच कौलं खपली असती, तर कारखाना पहिल्या दोन पावसाळ्यांतच बंद पडला असता.

दुसरं उदाहरण घरचं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या बायका-मुलींना त्यांनी दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदनात आणलं. तिथं शेती होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता आणि छापखानाही होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी छापलं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या, पण हातांना शिकवलेलं काम मागे राहिलं होतं.

आमच्या वसईत अडचण वेगळी होती. इथं जमीन होती, विहिरी होत्या, केळी-पानवेली-फुलं होती. नव्हतं ते भांडवल. बागायतदार सावकाराच्या वहीत अडकलेला. १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकारानं पतसंस्था सुरू झाली, तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. त्याच सुमारास, १९२० मध्ये, केरळातल्या त्रिशूरला कॅथलिक सीरियन बँक स्थापन झाली. त्याआधी १९१२ मध्ये मंगळूरच्या कॅथलिकांनी आपली सहकारी पतसंस्था काढली होती. तिन्ही संस्थांची सुरुवात आपल्या माणसांनी आपल्या माणसांवर टाकलेल्या विश्वासातून झाली.

माजघरातला माल

घरच्या खरेदीत पहिला मान बाटलीच्या मसाल्याचा. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या गच्चीवर वाळत पडतात. मग वीस-पंचवीस जिन्नस एकेक वेगळा भाजायचा. एकदम भाजलं तर जिरं करपतं आणि दालचिनी कच्ची राहते. पूर्वी कांडपिणी घरोघर फिरून लाकडी मुसळांनी मसाला कांडून देत. तो बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागून रंग उडत नाही. नाव पडलं ते त्या बाटलीवरून. आज किती तरी बायका तो घरी करून विकतात आणि नेणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेली घरंही पुष्कळ असतात.

आगाशीची सुकेळी तशीच. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच वाळक्या पानात बांधतात. हे काम हिंदूही करतात, ख्रिस्तीही करतात. तिथं धर्म पाहून खरेदी करायची म्हटलं तर सुकेळीच हसेल. गोव्यात पहाटे सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर सगळ्यांच्या दारी पाव टाकतो. पावाची भट्टी पोर्तुगीज काळात आली आणि पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, वापरली गेली. घरातली पुढची पिढी भट्टीपाशी उभी राहायला तयार नाही, म्हणून कित्येक भट्ट्या आता बाहेरून आलेले लोक चालवतात. गिऱ्हाईक आहे, पण वारस नाही, असं हे दुखणं आहे.

"चर्चसाठीच आहे ना, कमी कर!"

आता थोडं मनाला लागणारं बोलतो. माझी मामेबहीण घरी केक करते. एका वर्षी एका चर्चच्या मंडळानं नाताळसाठी तिच्याकडे प्लम केकच्या दोनशे पाकिटांची ऑर्डर दिली. आपल्याच मुलीला काम दिलं, म्हणून सभेत टाळ्याही पडल्या. मग खजिनदारांचा फोन आला, "चर्चसाठीच आहे ना, पाकिटामागे थोडं कमी कर." तिनं केलं. काजू-बेदाण्यांचे पैसे तिनं ऑक्टोबरमध्येच रोख मोजले होते, कारण ती बेदाणे दोन महिने रममध्ये भिजत ठेवते. बिलाचे पैसे तिला मिळाले ते ईस्टर उलटून गेल्यावर. मधल्या काळात गहाण टाकलेल्या बांगडीचं व्याज चालू होतं. पुढल्या वर्षी तिनं चर्चची ऑर्डर घेतली नाही. मग मंडळींत कुजबुज झाली: "आपली माणसं धंदा करायला नकोच म्हणतात."

आपल्या माणसाकडून घेणं म्हणजे आपल्या हक्कानं स्वस्तात घेणं, हा समज काढून टाकायला हवा. बाहेरच्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट मोजतो आणि घरच्या माणसाशी घासाघीस करतो. नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योजकाचे पैसे, करार काहीही असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. चर्चला कायद्याची भीती घालायची गरज पडू नये. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, ही शिकवण बायबलमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. वर्षाच्या सणांची यादी जानेवारीतच ठरवावी आणि ऑर्डर दोन महिने आधी द्यावी. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. दोघा-तिघांकडून दर मागवावेत आणि कमिटीतल्या कुणाचा भाऊ आहे म्हणून काम देऊ नये. माल वाईट निघाला तर तोंडावर सांगावं. गावभर सांगत फिरणं किंवा गप्प बसून पुढच्या वेळी टाळणं, दोन्ही त्याला मारकच. एकाच घरावर सगळा भार टाकण्यापेक्षा काम फिरतं ठेवावं.

कुंपण नको

यावर कुणी म्हणतं, मग सरळ नियमच करा: फक्त आपल्यांकडूनच घ्या. इथं मी थांबतो. वांद्र्याच्या माउंट मेरीचा सण ८ सप्टेंबरला असतो आणि जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते. तिथं मेणाचे हात, पाय, घरं, पाळणे विकायला असतात. नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू भाविकांची गर्दी किती असते, हे वांद्र्याच्या कुणालाही विचारा. त्यांनी उद्या आपल्याआपल्यातच खरेदी करायचं ठरवलं तर मेणाचे ते हात कोण घेईल? आजीचा चाफा कोण घेईल?

संत पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. फिलिप्पीत त्याला आसरा देणारी लुदिया जांभळ्या कापडाची व्यापारी होती, आणि ते महागडं कापड काही मूठभर विश्वासणाऱ्यांपुरतं विकलं जात नसणार. गलतीकरांना लिहिताना पौल सगळ्यांचं भलं करायला सांगतो, आणि विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेषकरून. या दोन गोष्टींचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घरच्यांनी भवानी करावी, बाजार मात्र मालानं कमवावा.

ऑक्टोबरात आमच्याकडे आगेऱ्याचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीशी येतात आणि मिस्सेनंतर शेतमालाचा लिलाव होतो. गेल्या वर्षी एका लाल भोपळ्यावर बोली चढत गेली, चुरस लागली, आणि मी तो बाजारभावाच्या दसपटीनं घेतला. टाळ्या मिळाल्या, पुण्यही मिळालं असावं. भोपळा पिकवणारी बाई गर्दीत मागे उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई नाक्यावर टोपली घेऊन बसलेली. मी पालेभाजीच्या दोन जुड्या उचलल्या आणि सवयीनं विचारलं, "मावशी, कमी किती करशील?"

तिनं जुड्या पिशवीत घातल्या. "काल लिलावात नाही विचारलंस ते," ती म्हणाली.