राजगुरूची बाजू

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला गेली आणि 1934 साली तिथून 'अमृतमंथन' पडद्यावर आला. प्रेक्षकाच्या मनात त्यातला एक डोळा कायमचा रुतला. सगळा पडदा व्यापणारा, समोरच्याला भेदून जाणारा तो डोळा चंडिकेच्या राजगुरूचा होता. मराठीत ही भूमिका केशवराव दाते यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. अवंती नावाच्या कल्पित राज्यात राजा बळी देण्याची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याला ठार करण्याचा हुकूम देतो. कथेच्या हिशोबाने हा राजगुरू खुनी आहे, कारस्थानी आहे. तरीही नव्वद वर्षांनंतर 'अमृतमंथन'चे नाव निघाले की आठवतो तो राजगुरूच. त्यातल्या सज्जन तरुण नायकाचे नाव मात्र जाणकारांनाही पटकन सांगता येत नाही. अद्भुत कथांमधल्या अशा खलनायकाकडे माणसे का ओढली जातात? 'वाईटाचे आकर्षण' हे त्याचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. तसे असते तर पडद्यावरचा प्रत्येक दुष्ट लोकप्रिय झाला असता. बहुतेक दुष्ट चित्रपट संपताच विसरले जातात. लक्षात राहतो तो, ज्याचे म्हणणे आपल्याला समजते आणि समजल्यामुळेच ज्याला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते.

या राजगुरूचे मूळ सांगली-साताऱ्याच्या मातीतले आहे. 'अमृतमंथन'ची कथा नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून घेतलेली. आपट्यांचा जन्म 1889 सालचा, सांगलीजवळच्या समडोळीचा, आणि पुढचे वास्तव्य सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. बळी हा त्यांच्या भोवतालात पुस्तकी विषय नव्हता. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या काळूबाईला बोकड देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. एखाद्या खऱ्या देवस्थानाचे नाव घेऊन चित्रपट काढला असता, तर अर्धे प्रेक्षक पहिल्याच दृश्यात बाजू ठरवून मोकळे झाले असते आणि उरलेले चिडून उठून गेले असते. अवंतीत मात्र कोणाचे कुलदैवत नाही, कोणाची भावकी नाही. त्यामुळे राजगुरूचे म्हणणे प्रेक्षक शेवटपर्यंत ऐकून घेतो. अद्भुत कथेचे खरे सामर्थ्य मला इथे दिसते. ती आपल्याला दूरच्या राज्यात नेते ती पळून जाण्यासाठी नव्हे. घरी जे ऐकून घ्यायला आपण तयार नसतो, ते तिथे ऐकवण्यासाठी.

आणि राजगुरूचे म्हणणे ऐकण्याजोगे आहेच. त्याला गादी नको, धन नको. आज बळी थांबला तर उद्या देवीचा धाक संपेल आणि परवा धर्मच उरणार नाही, असे त्याला मनापासून वाटते. ही भीती आपल्या ओळखीची आहे. जुने काही मोडताना प्रत्येक समाजातल्या कोणाला ना कोणाला ती वाटतेच. पण चित्रपट एवढ्यावर थांबत नाही. राजाला मारण्याचे काम ज्या यशोधर्मावर सोपवले जाते, त्या निष्ठावान माणसालाच राजगुरू पुढे दगा देतो. यशोधर्माची मुले पोरकी होतात आणि आपण ती मुले पाहत राहतो. राजगुरूचा हेतू कळला म्हणून त्या मुलांचे दुःख कमी होत नाही. शेवटी कारस्थान उघडे पडल्यावर राजगुरू देवीपुढे स्वतःचेच शिर उतरवतो. इतरांकडून मागितलेला बळी तो स्वतःचा देतो. त्या क्षणी त्याच्याविषयी जे वाटते ती क्षमा नसते. हा माणूस स्वतःच्या श्रद्धेशी खोटा नव्हता, एवढी कबुली असते. समजून घेणे वेगळे आणि माफ करणे वेगळे, हा फरक या चित्रपटाने एकही उपदेश न करता दाखवला.

आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 1937 साली 'कुंकू' निघाला. तो अद्भुत नाही, पण त्यातल्या काकासाहेबांची भूमिकाही केशवराव दात्यांचीच. तरुण नीरेशी लग्न करणारा हा म्हातारा वकील आपल्या हातून काय घडले हे हळूहळू उमजत जाताना दात्यांनी दाखवला. दोन्ही वेळा लेखक एक, नट एक, दिग्दर्शकही एकच, व्ही. शांताराम. हा योगायोग मानायला मी तयार नाही. अन्याय करणाऱ्याच्या मनात शिरून पाहायची सवय त्या लेखकाला होती.

खलनायकाची बाजू मांडण्याची सवय हॉलिवूडकडून उसनी घेतलेली आहे, असे अलीकडे बऱ्याचदा ऐकू येते. तसे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्याच महाबळेश्वराची कथा आठवावी. अतिबळ आणि महाबळ या दोन असुरांपैकी अतिबळाला विष्णूने मारले, पण महाबळ काही केल्या मरेना. तेव्हा देवीच्या मायेने मोहित होऊन त्याने देवांनाच वर देऊ केला. देवांनी त्याचे मरण मागितले. त्याने ते दिले आणि अट घातली ती एवढीच की या जागी आमचे नाव राहावे. आजही क्षेत्र महाबळेश्वरी दोघा भावांच्या नावाने देवळे आहेत. पाल आणि जेजुरीचा खंडोबा ज्या मणि-मल्ल दैत्यांशी लढला, त्यांतला मणि शरण आला आणि खंडोबाच्या पूजेत त्यालाही मान मिळाला. हरलेल्या असुराचे अखेरचे मागणे लक्षात ठेवणारा हा मुलूख आहे.

रंगभूमीवर मात्र असुराला हे भाग्य उशिरा मिळाले. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या परंपरेतले राक्षस राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकत येत. त्यांना मन असण्याचे कारण नव्हते. पुढे सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली 'कीचकवध' लिहिले. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले आणि 1910 साली नाटकावर बंदी आली. इथेच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. खाडिलकरांनी कीचकाला एखादे दुःख, एखादे कारण दिले असते तर? द्रौपदीचा आक्रोश निम्मा झाला असता. अत्याचार समोर चालू असताना अत्याचाऱ्याचे बालपण उगाळत बसणे हा पीडितावर दुसरा अन्याय आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. राज्यकर्त्याच्या जुलमाविरुद्ध माणसे उभी करायची होती तेव्हा खाडिलकरांनी कीचकाला बाजू दिली नाही, ते योग्यच केले.

पण यातून खलनायकाविषयी सहानुभूतीच नको, असे निघत नाही. निघते ती कसोटी: दुष्टाची बाजू मांडताना त्याने ज्याचे वाटोळे केले तो माणूस पडद्यावर आहे का? 2014 सालच्या 'मॅलिफिसंट'मध्ये शाप देणारी परी निरागस ठरते, कारण तिचे पंख कापणारा राजाच दुष्ट केला आहे. इथे खलनायिकेला समजून घेतलेले नाही, फक्त खलपद दुसऱ्याकडे सरकवले आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गॉलम याच्या उलट. त्याची कणव येते, पण त्याच्या हावेपायी कोणाचा जीव गेला हेही आपण पाहतो.

'तुंबाड' या कसोटीला पूर्ण उतरतो. राही अनिल बर्वे यांचा हा 2018 सालचा चित्रपट हिंदीत असला तरी अंगाने मराठी आहे. त्यातला हस्तर म्हणजे सोने मिळालेला पण धान्यावाचून कायमचा भुकेला राहिलेला देवीचा पहिला मुलगा. इतका भयंकर जीव, आणि त्याचे मूळ दुखणे पोटातली भूक. त्याला कणकेच्या बाहुलीने भुलवून मोहरा चोरणारा विनायकही लहानपणच्या दारिद्र्यातून आलेला. म्हणून त्याची हाव आपल्याला सुरुवातीला हक्कासारखी वाटते. पुढे घर भरले तरी हाव थांबत नाही आणि तो स्वतःच्या मुलाला त्याच धंद्यात ओढतो, तेव्हा आपण आतून सावध होतो. शेवटी सोने समोर असताना तो मुलगा पांडुरंग ते नाकारतो. बापाचे दारिद्र्य त्याला ठाऊक आहे, बापाची हावही, आणि निवाडा तोच करतो. सप्टेंबर 2024 मध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यात भय दाखवणारी करामत आहेच. पण तेवढ्यासाठी सहा वर्षांनी लोक परत येत नाहीत.

आज मराठीत अद्भुत कथा लिहू पाहणाऱ्या तरुणांची नजर मार्व्हलकडे असते. त्यांनी नारायण हरी आपटे एकदा वाचावेत. आणि साताऱ्या-सांगलीच्या महाविद्यालयांनी 'अमृतमंथन' आणि 'तुंबाड' हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवून त्यांवर मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावे.