धाराशिव ते मुंबई : सूर्याला 13 मिनिटं, विमानाला किती?

लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्री धाराशिव सोडते आणि बार्शी, कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत, घाट उतरून सकाळी मुंबई गाठते. रुळांची सगळी वळणं पुसून टाकली, तर धाराशिव शहरापासून मुंबई विमानतळ किती लांब? अक्षांश-रेखांशांवरून हिशेब मांडला की उत्तर येतं सुमारे 350 किलोमीटर.

गंमत अशी, की हे ‘सरळ’ अंतरही सरळ नाही. ते गोल पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं आहे, म्हणजे कमानीसारखं मधे फुगलेलं. अगदी नाकासमोर जायचं तर बोगदाच खणायला हवा. पठाराची उंची सोडून दिली, तरी हा बोगदा मध्यावर, श्रीगोंदा-शिरूरच्या आसपास, जमिनीखाली 2.4 किलोमीटर खोल जाईल. एवढा खटाटोप करून वाचणार किती? जेमतेम 44 मीटर!

आता वेळेचं बघू. ताशी 800 किलोमीटरनं उडणाऱ्या जेटला कागदावर 26 मिनिटं पुरतात. सूर्य मात्र याहून चपळ. धाराशिव मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांहून थोडं जास्त आहे आणि दर अंशाला 4 मिनिटं, म्हणून धाराशिवच्या डोक्यावर आलेला सूर्य 13 मिनिटांत मुंबईच्या माथ्यावर पोचतो. अर्थात पळतो तो सूर्य नव्हे, आपण. धाराशिवची जमीन ताशी जवळपास 1,585 किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरते आहे. मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं, तर मुंबईच खाली येईल की! तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबरच फिरत असते.

कागदावरची मिनिटं वेळापत्रकात मात्र कधीच दिसत नाहीत. 9 जून 2025 रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. अंतर 300 किलोमीटरच्या थोडं पुढे, एटीआर विमानाचा वेग ताशी 500च्या आसपास. गणित 37 मिनिटांचं, वेळापत्रकात तासाहून जास्त. विमान आधी धावपट्टीपर्यंत रांगत जातं. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं, त्यामुळे कधी गंतव्याकडे पाठ करूनच वर चढावं लागतं. चढताना-उतरताना वेग कमी. मुंबईत तर दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात; एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दी झाली की विमानं वरच घिरट्या घालतात. जेवढा प्रवास छोटा, तेवढा हा वरखर्च डोळ्यांत भरतो.

धाराशिवलाही धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. त्यासाठी आधी सोलापूर गाठायचं, आणि त्या सत्तरेक किलोमीटरच्या रस्त्यालाच तास-सव्वा तास लागतो.