समजून घ्या : रस्त्यात एकटा उभा ठाकणारा माणूस, पडद्यावरचा आणि महाळुंगे पडवळचा

अमेरिकी टीव्हीवरच्या ‘वेस्टर्न’ मालिकांमध्ये एक प्रसंग हमखास येतो : मोकळा रस्ता, समोर धोका आणि त्याला भिडणारा एकटा माणूस.

मालिकेत काय घडतं?
‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी २० वर्षं चालली, ६३५ भाग झाले. १० सप्टेंबर १९५५ च्या पहिल्याच भागात नायक मार्शल मॅट डिलन गोळी लागून कोसळतो. बरा होताना त्याला कळतं, की प्रतिस्पर्ध्याचा हात चपळ असला तरी नेम फक्त जवळूनच लागतो. दुसऱ्या सामन्यात डिलन अंतर राखतो आणि जिंकतो.

महाळुंगे पडवळमध्ये असा माणूस कोण?
आंबेगाव तालुक्यातल्या या गावचे बाबू गेनू सैद. मुंबईत ते गिरणी कामगार होते. विदेशी कापडावरच्या बहिष्काराची चळवळ जोरात होती. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाचा ट्रक पोलीस बंदोबस्तात निघाला. तो अडवायला बाबू गेनू रस्त्यात आडवे झाले. ट्रक अंगावरून गेला. वय होतं अवघं २२.

मग फरक काय?
डिलनकडे पिस्तूल होतं आणि कायदाही त्याच्याच बाजूचा. बाबू गेनूंचे हात रिकामे होते, बंदोबस्त ट्रकसाठी होता. डिलन अंतर राखून वाचला. बाबू गेनूंनी अंतर ठेवलंच नाही.

आज काय उरलंय?
काळबादेवीतल्या रस्त्याला आणि गावाकडच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे.