चोंबडेपणा की मदत?



"थांब हं, बाईंना नाव सांगते तुझं!"

हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा ऐकलंय? आणि किती वेळा स्वतः म्हटलंय? (खरं सांगा बरं!) कुणी खडू फेकला, सांग नाव. कुणी रांगेत मध्येच घुसलं, सांग नाव. पहिली-दुसरीत तर निम्मा वर्ग बाईंच्या टेबलाभोवतीच उभा असतो.

पण पाचवी-सहावीत आलो की वारं फिरतं. आता नाव सांगणारा 'चोंबडा' ठरतो. चोंबड्याला कुणी खेळायला घेत नाही. मग होतं काय, की आपण खडूची तक्रार करायचं सोडतो. ते चांगलंच आहे. पण त्याबरोबर जी गोष्ट सांगायलाच हवी, तीसुद्धा पोटात ठेवायला शिकतो. आज त्याबद्दलच बोलू या.

आमचा वर्ग

मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याच्या वडिलांची बदली झाली होती. त्याला चांगला जाड भिंगांचा चष्मा होता. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्याचं नाव पडलं, 'ढापण्या'. तोही हसला. पहिल्यांदा सगळेच हसतात.

मग कधी त्याचं दप्तर लपवलं जाऊ लागलं. कधी डब्यात खडूची पूड. पुढे तर त्याचा चष्मा काढून एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फेकायचा खेळच सुरू झाला. तो डोळे बारीक करून, हात पुढे करून, आवाज येईल तिकडे वळायचा.

हे सगळं करणारी मुलं होती फक्त तीन. वर्गात आम्ही बावन्न. तो एक, ते तिघे. म्हणजे उरले किती? अठ्ठेचाळीस! आम्ही अठ्ठेचाळीस जण काय करत होतो? काही हसत होते. काही नुसते बघत होते. काहींना नेमकं त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं. मी हसणाऱ्यांत होतो.

एक दिवस चष्म्याची काच फुटली. बाईंनी विचारलं, "कुणी केलं?" सगळा वर्ग चिडीचूप. शेवटी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून.

तिघांना शिक्षा झाली. खेळ थांबला. पण पुढचा महिनाभर वर्गात 'चोंबडी' म्हणून चिडवलं कुणाला? त्या मुलीला! डबा खायला तिच्याजवळ कुणी बसेना. मीही बसलो नाही. तिच्याजवळ बसायचा तो एकटा, नव्या चष्म्याचा मुलगा.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. त्याने शाळा सोडली होती. जाण्याआधी तो त्या मुलीला तिच्या घरी जाऊन भेटून गेला होता. आम्हा बाकीच्यांपैकी कुणालाच नाही.

बघ्यांचा हात

मोठा झाल्यावर मला कळलं, की ज्या गोष्टीला आम्ही 'गंमत' म्हणत होतो तिचा जगभर अभ्यास झाला आहे. नॉर्वेमध्ये डॅन ओल्वेअस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९८३ साली त्यांनी बर्गन शहरातल्या ४२ शाळांत काम सुरू केलं. शिक्षक, पालक आणि मुलं सगळ्यांनी मिळून ठरवलं, की कुणालाही छळायचं नाही, आणि कुणी छळताना दिसलं तर गप्प बसायचं नाही. मधल्या सुट्टीत मोठी माणसं लक्ष ठेवू लागली. दोन वर्षांत त्रासाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

मग १९९६ साली फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा, असे दोघेच तिथे नसतात. कुणी त्रास देणाऱ्याला मदत करतं. कुणी हसून त्याला चढवतं. कुणी बाजूला सरकतं. आणि कुणी पुढे होऊन सोसणाऱ्याची बाजू घेतं. प्रेक्षक हसले की नाटक रंगतं. प्रेक्षकच उठून गेले तर? नाटक संपलं!

यावरूनच तिथे 'किवा' नावाचा शालेय कार्यक्रम तयार झाला. फिनिश भाषेत 'किवा' म्हणजे 'छान'. त्यात भर असतो तो बघणाऱ्या मुलांवर. चौथी ते सहावीच्या मुलांसाठी तो ७८ शाळांत तपासून पाहिला गेला. निम्म्या शाळांत कार्यक्रम घेतला, निम्म्यांत नाही. जिथे घेतला तिथे त्रास कमी झाला. म्हणजे आमचे ते अठ्ठेचाळीस जण कुणी बिनकामाचे नव्हते बरं का! सगळं आमच्याच हातात होतं.

एक सोपी कसोटी

आता खरा प्रश्न. चोंबडेपणा कशाला म्हणायचं आणि मदत कशाला? सांगण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: मी हे कुणाला अडचणीत टाकायला सांगतोय, की कुणाला अडचणीतून काढायला?

शेजारच्याने गृहपाठाच्या वहीला कव्हर घातलं नाही. हे धावत जाऊन सांगितलं, तर तो चोंबडेपणा. त्याचं तो बघून घेईल.

पण तुमच्या मैत्रिणीचा डबा कुणीतरी रोज काढून घेतं आणि ती उपाशी राहते. हे सांगितलं, तर ती मदत. तिला कुणीतरी अडचणीतून काढायला हवंय.

आता थोडं अवघड. मित्र म्हणतो, "गळ्याची शपथ, कुणाला सांगू नकोस!" आणि मग सांगतो, की घरी त्याला फार मारतात. किंवा ओळखीचं कुणी मोठं माणूस त्याला नको असताना हात लावतं. किंवा त्याला कुठेतरी निघून जावंसं वाटतं. इथे काय कराल? शपथ पाळाल?

मित्रांनो, अशी शपथ मोडायचीच असते. शपथ मोडल्याने मित्राला काही होत नाही. गप्प राहिल्याने मात्र होऊ शकतं. त्याला सरळ सांगा, "मी तुझा मित्र आहे म्हणूनच हे मोठ्या माणसाला सांगणार. चल, मीही येतो तुझ्याबरोबर."

समुपदेशक म्हणजे कोण?

काही शाळांत 'समुपदेशक' असतात. पाटीवरचा शब्द जड आहे, पण काम ऐकून घेण्याचं. तिथे मार्क नसतात, छडी नसते. "समुपदेशकांकडे गेला म्हणजे याला वेड लागलंय," असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा. पाय मुरगळला की आपण डॉक्टरांकडे जातोच ना? तसंच मन मुरगळलं की इथे जायचं.

तुम्ही बोललेलं ते वर्गात सांगत बसत नाहीत. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला, सुरक्षिततेला धोका असेल, तर ज्या मोठ्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांना सांगतात. चांगले समुपदेशक हा नियम आधीच तुमच्या कानावर घालतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांत समुपदेशक असण्याची गरज मांडली आहे. पण सगळ्याच शाळांत ते असतात असं नाही. मग कुणाला सांगायचं? वर्गशिक्षिका, खेळाचे सर, आई-बाबा, आजी, मावशी; ज्यांच्यापाशी तुम्हाला मोकळं वाटतं ते कुणीही. शाळेत तक्रारपेटी असेल तर चिठ्ठी टाकता येते. आणि कुणीच ऐकत नसेल तर फोन आहे: १०९८, एक-शून्य-नऊ-आठ. मुलांसाठीची ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पोहोचली. फोनला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्रीही चालतो.

उद्या शाळेत

समजा, उद्या मधल्या सुट्टीत तुमच्यासमोर असं काही घडलं, तर?

पहिलं, हसू नका. एवढं तर कुणालाही जमेल. वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर कुणाची टर उडवणारा फोटो आला तर तो पुढे पाठवू नका. तिथे हसरा चेहरा टाकणं म्हणजेही हसणंच.

दुसरं, ज्याला त्रास होतोय त्याच्याजवळ जाऊन बसा. "चल, डबा खाऊ या," एवढं पुरतं. मारामारीत उडी घ्यायची गरज नाही.

तिसरं, मोठ्या माणसाला सांगा. काय झालं, कुठे, कधी, कुणी केलं, सगळं जसंच्या तसं. तिखटमीठ लावू नका. एकदा सांगून काही झालं नाही तर पुन्हा सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

आणि जो सांगतो त्याला एकटं पाडू नका. हे चौथं आमच्या वर्गाला जमलं नव्हतं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल काही सांगायला आलं, की आपल्या तोंडून पटकन निघतं, "तूच काहीतरी केलं असशील!" किंवा "तूही ठेवून द्यायची एक!" पहिल्या वाक्याने मूल पुढच्या वेळी सांगतच नाही. दुसऱ्याने भांडण वाढतं. आधी पुरतं ऐकून घ्या. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढं म्हणा. मग शांतपणे शाळेत जा. आपलंच मूल कुणाला छळतंय असं कळलं, तर "आमचा असा नाहीच" म्हणून दार लावून घेऊ नका. त्यालाही मदत हवी असते.

महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्यं शिकवली गेली, त्यांत 'संवेदनशीलता' आहे. परिपाठात हा शब्द मी कितीतरी वेळा ऐकलाय. पण त्याचा अर्थ मला समजला तो त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीमुळे. तिच्याजवळ जाऊन डबा खायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. तुमच्या वर्गातही अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल. उद्या मधल्या सुट्टीत घंटा झाली, की जरा बघा, तिच्याशेजारी जागा आहे का?