डिप्लोमा झाला, आता पुढे?

दोन वर्षांपूर्वीची जूनमधली दुपार. शाळेतून येऊन मी नुकती कणीक भिजवायला घेतली होती, एवढ्यात वन्सं आल्या. डब्यात पेढे होते, पण चेहरा काही पेढे वाटणाऱ्या आईचा नव्हता. भाची इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमात चौऱ्याऐंशी टक्के मिळवून पास झाली होती. चाकणच्या एका कारखान्यात नोकरीही लागत होती. आणि पोरगी म्हणत होती, "मला डिग्री करायचीय."

"वहिनी, तुमचं ती ऐकेल. तिला सांगा, हातातली नोकरी सोडू नकोस म्हणावं. आणखी किती वर्षं शिकत बसायचं? उद्या स्थळं बघायची आहेत."

खरं सांगते, मी वन्संचीच बाजू घेतली. मी बी.ए. झालेली, शाळेत मराठी शिकवणारी. इंजिनीयर व्हायचं तर बारावी सायन्स करावं, आणि डिप्लोमा म्हणजे ज्यांना ते झेपत नाही त्यांची सोय, अशीच माझी समजूत. भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

"मामी, दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि डिग्रीची चार. किती झाली? सहा. माझी डिप्लोमाची तीन झाली. आता मी थेट दुसऱ्या वर्षाला बसणार, म्हणजे आणखी तीन. सहाच ना? मग माझं वर्ष वाया गेलं कुठे?"

मी गप्पच झाले. नोकरी नाकारायची की नाही, यावर घरात आठ दिवस वाद झाले. शेवटी भाऊजींनीच "शिकू दे तिला" म्हणून निकाल दिला.

वाट कशी आहे?

मैत्रिणींनो, दहावीला बसलेलं मूल पुष्कळ घरांत असतं, म्हणून मला कळलं ते सांगते. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राखीव वर्गासाठी ४० टक्के गुण लागतात. अर्थात ही नुसती पात्रता झाली, चांगल्या कॉलेजसाठी गुण खूपच वर लागतात. या मुलांसाठी मंजूर जागांच्या दहा टक्के जागा जादा असतात, म्हणजे साठांच्या वर्गात सहा. शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा नावाजलेल्या ठिकाणीही या वाटेनं जाता येतं. आयआयटीत मात्र अशी सोय नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ठेच कुठे लागते?

आमच्या भाचीला जवळच्याच शहरात जागा मिळाली. पहिल्या महिन्यात तिचे फोन मोठे आनंदाचे. प्रयोगशाळेत मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर जोडायचा होता. बारावीहून आलेली मुलं पुस्तकातली आकृती बघत राहिली आणि हिनं जोडून मोकळीही झाली! डिप्लोमात तीन वर्षं हातानं कामं केलेली, ती अशी उपयोगी पडली.

पण दिवाळीला आली ती मान खाली घालून. गणिताचं काहीच कळत नव्हतं. पुढे निकाल लागला, त्यात गणित राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नापास झालेली पोर. रात्री माझ्याजवळ बसून म्हणाली, "मामी, तेव्हा नोकरीच धरायला हवी होती का गं?"

चूक तिच्या बुद्धीची नव्हती. डिप्लोमात गणित बहुतेक पहिल्याच वर्षी संपतं. मग दोन वर्षं त्याच्याशी गाठ पडत नाही. इकडे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला मुलं गणिताचे दोन पेपर करून आलेली असतात, आणि दुसऱ्या वर्षाचं गणित, लाप्लास ट्रान्सफॉर्म वगैरे, त्याच पायावर उभं असतं. हिला तो पायाच मिळालेला नव्हता. त्यात या मुलांचे प्रवेश उशिरा होतात, तोवर वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. म्हणजे जिना चढताना खालच्या चार पायऱ्याच नाहीत!

आपण काय करावं?

एक: डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपली की प्रवेश होईपर्यंत बरेच आठवडे मोकळे मिळतात. त्या दिवसांत पहिल्या वर्षाचं गणित रोज दोन तास करू द्यावं. मुलगी असेल तर विशेष सांगते, ते दोन तास तिला स्वयंपाकघरातून हाक मारू नये. आमच्याकडे ते दिवस पापड-कुरडयांत गेले, आणि ते करून घेणारी मीच होते.

दोन: कागदपत्रं शेवटच्या वर्षातच तयार ठेवावीत. अधिवासाचा दाखला आणि राखीव जागेसाठी जात पडताळणी व नॉन-क्रीमीलेयर. ऐन वेळी कचेरीत खेटे घालून जागा गमावू नये.

तीन: कॉलेजांचा पसंतीक्रम नीट विचार करून भरावा. जिथे जायचंच नाही ते नाव उगीच वर लिहू नये.

चार: मुलींसाठी फीची चौकशी जरूर करावी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी जाहीर झाली.

पाच: पहिल्या सत्रात विषय राहिला तर घरात 'सांगितलं होतं ना' म्हणू नये. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, मी गिळलं.

भाचीनं त्या सुट्टीत पहिल्या वर्षाची पुस्तकं आणून मुळापासून सुरुवात केली. वर्गातली बारावीहून आलेली एक मैत्रीण तिला गणित समजावी आणि ही तिला प्रयोगशाळेतली जोडणी दाखवी. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.

त्या दिवशी वन्सं पुन्हा पेढे घेऊन आल्या. स्थळांचा विषय त्यांनी काढलाच, तो काही सुटलेला नाही. पण जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या शाळेतल्या दहावीच्या मुलींना तो सहा वर्षांचा हिशेब सांगा हो."

टाचणवहीचं ते पान मी जपून ठेवलंय.